बिनखांबी छपराची गोष्ट



संपादकांचा फोन आला, "या वर्षी अंकासाठी तू काहीतरी लिहायचंच." मी म्हटलं, "अहो, मी कोड लिहितो, लेख नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्या हॉलच्या समितीत एवढे महिने काय केलंस ते लिही." म्हणून हा प्रपंच. विषय छपराचा आहे. कंटाळवाणा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा, कारण जानेवारीच्या सर्वसाधारण सभेत तुम्हा सगळ्यांना याच विषयावर हात वर करायचा आहे.

गणपतीसाठी आपण दरवर्षी भाड्याने घेतो तो हॉल आठवतोय ना? बरोबर मध्यावर दोन खांब. गेल्या वर्षीच्या एकांकिकेत डावीकडच्यांना फक्त नायक दिसला, उजवीकडच्यांना फक्त नायिका. मध्यंतरात दोन्ही बाजूंनी एकमेकांना कथानक सांगितलं तेव्हा कुठे नाटक पूर्ण झालं! त्याच रात्री खुर्च्या आवरताना "आपला स्वतःचा हॉल हवा, आणि त्यात एकही खांब नको" असं ठरलं. समिती झाली. मी कंप्युटरवाला, म्हणून मीही त्यात. रुंदी साठ फूट, लांबी शंभर फूट, तीनशे माणसं मांडी घालून जेवतील एवढी जागा. आता प्रश्न एकच उरला. साठ फुटांच्या दोन भिंतींवर, मध्ये काहीही आधार न देता, छप्पर ठेवायचं कशावर?

आमच्या समितीत एक काका आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्यात उभी नोकरी करून आता इथे विस्कॉन्सिनला मुलाकडे राहतात. पहिल्या बैठकीला मी ऐटीत लॅपटॉप उघडला. इंटरनेटवरचं एक फुकट सॉफ्टवेअर घेऊन लाकडी कैचीचं सगळं गणित मांडलं होतं. रंगीत आकृती, प्रत्येक तुकड्यावरचा भार, सगळं हिरवं, म्हणजे सगळं 'पास'. काकांनी चष्मा लावला, दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "अरे, ही कैची आडवी कलंडू नये म्हणून बाजूने आधार दिलाय का?"

"सॉफ्टवेअरने धरलाय, काका."

"सॉफ्टवेअरने धरलाय ते ठीक. पण बांधणाऱ्याला ते सांगणार कोण?"

मी गप्प. त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. खालची गोष्ट त्या शिकवणीतून आणि नंतरच्या माझ्या वाचनातून जमलेली आहे.

इंग्रजीत ज्याला ट्रस म्हणतात त्याला आपल्याकडे सुतार-गवंडी 'कैची' म्हणतात. ती कशी चालते हे आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी दिवाळीत पाहिलेलं आहे. आकाशकंदील करताना बांबूच्या कामट्यांचा चौकोन बांधला की तो लगेच वाकडा होतो, बोटाने ढकलला तरी शंकरपाळा होतो. त्यात एक तिरकी कामटी बांधली की गप्प बसतो. कारण आता त्याचे दोन त्रिकोण झाले, आणि काठ्या मोडल्याशिवाय किंवा सांधे सुटल्याशिवाय त्रिकोणाला आकार बदलता येत नाही. कैची म्हणजे असे अनेक त्रिकोण. त्यातले काही तुकडे दाबले जातात, काही ताणले जातात. मधोमध वाकण्याचं जे काम एका अवजड तुळईला करावं लागतं, ते कैचीत लहान लहान तुकडे वाटून घेतात. म्हणून कमी लाकडात लांब उडी मारता येते.

मी ज्या कौलारू शाळेत शिकलो तिथे वर्गावर अशाच कैच्या होत्या. गणिताच्या तासाला त्या मोजण्याचा माझा दांडगा सराव होता. मधोमध एक उभं लाकूड, ज्याला किंग पोस्ट म्हणतात. इतकी वर्षं मी समजत होतो की तो छोटा खांब छपराला उचलून धरतो. काकांनी हसून सांगितलं, "उलटं आहे. तो खांब नाहीच, तो दोर आहे. वरून लोंबकळतो आणि खालच्या आडव्या तुळईला मध्यभागी झोळू देत नाही." कागदावर बाण काढून पाहिले आणि खरंच तसं निघालं! वर्षानुवर्षं डोक्यावर असलेली वस्तू आपण बघतो, पण ती काय करते ते आपल्याला माहीत नसतं.

मग मला प्रश्न पडला, की आपल्या जुन्या वाड्यांत अशा मोठ्या कैच्या का दिसत नाहीत? सुतार तर आपले एकापेक्षा एक होते. मला वाटतं, उत्तर 'खण' या शब्दात आहे. आजी म्हणायची, "आमचं माजघर पाच खणांचं होतं." खण म्हणजे दोन खांबांमधलं, दोन तुळयांमधलं अंतर. घराचं माप फुटात नव्हतं, लाकडात होतं. सागाची तुळई जेवढी पोचेल तेवढी खोली, त्यापुढे खांब. आणखी जागा हवी असेल तर आणखी खण, मध्ये चौक, पुन्हा खण. घर रुंदीने वाढत नसे, खणांनी वाढत असे. आणि साग इतका उत्तम की कमी लाकडात भागवायची गरज वाटली नसावी. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी १८१७ साली सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. ज्यांच्या हाताशी असं लाकूड, ते तुकडे कशाला जोडत बसतील?

गरज पडली ती युरोपला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलची रुंदी सुमारे ६८ फूट. त्यावर ह्यू हर्लंड नावाच्या सुताराने १३९३ पासून ओकचं छप्पर घातलं. एवढं लांब एकसंध लाकूड मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याने भिंतीतून कंसासारखे हात बाहेर काढले, त्यांवर कमानी टेकवल्या आणि मध्ये एकही खांब न ठेवता छप्पर तोलून धरलं. सहाशे वर्षं ते छप्पर उभं आहे, पण पूर्ण खरं सांगायचं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किड्यांनी ओक आतून पोखरलेलं आढळलं. १९१४ ते १९२३ या काळात त्याच्या आत पोलाद बसवावं लागलं. खालून बघणाऱ्याला ते दिसत नाही.

१५६१ साली फ्रान्समध्ये फिलिबेर द लॉर्म या वास्तुकाराने एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. मोठी झाडं मिळेनाशी झालीत, मिळाली तर परवडत नाहीत. मग आखूड फळ्याच एकमेकींना जोडून कमान का करू नये? फळ्या उभ्या धरायच्या, दोन-तीन थर करायचे, एका थराचा जोड दुसऱ्याच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही आणि पाचरींनी आवळायचं. मला हे वाचून फार गंमत वाटली. आज आपण ज्याला 'इंजिनियर्ड' लाकूड म्हणतो त्याची मूळ कल्पना साडेचारशे वर्षांपूर्वीची, आणि ती निघाली टंचाईतून.

पुढची तीनशे वर्षं कैच्या आणि लाकडी पूल बांधले गेले ते मुख्यतः अनुभवाने. कुठल्या तुकड्यावर नेमका किती भार, हे पद्धतशीर गणिताने काढायची रीत अमेरिकेत स्क्वायर व्हिपल या इंजिनियरने १८४७ च्या आपल्या पुस्तकात मांडली. आपल्याकडे साधारण त्याच काळात सरकारी शाळा, कचेऱ्या, रेल्वेचे शेड यांवर इंग्रजी पद्धतीच्या कैच्या येऊ लागल्या. १८६५ साली बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला, आणि ती हलकी, खाचेची कौलं व लाकडी कैची ही जोडी कोकणापासून खाली केरळपर्यंत पसरली. माझ्या शाळेची कैची ही त्याच वंशातली.

पण गणित आलं तरी एक दुखणं राहिलंच होतं. काका त्यावर फार बोलायचे. "लाकूड क्वचित मोडतं, पोरा. मोडतो तो सांधा." लाकडाचे दोन तुकडे जोडायला खाच पाडा, तेवढं लाकूड कमी झालं. भोक पाडून बोल्ट घाला, सगळा भार त्या भोकाच्या कडेवर. ओढणारा जोड तर फारच अवघड. दोन वाशांचं टोक एकमेकांवर टेकवणं सोपं, पण दोन वाशांना एकमेकांपासून ओढलं तर त्यांना धरून ठेवणार कसं? तेव्हा लाकडी कैचीचा इतिहास हा लाकडाचा नसून सांध्यांचा आहे, हे एकदा लक्षात आलं की पुढची गोष्ट फार सरळ दिसते.

पहिला मोठा तोडगा निघाला डिंकाचा. जर्मनीत वायमारच्या ओटो हेत्झर या सुतारकाम करणाऱ्या उद्योजकाने १९०६ साली एक पेटंट घेतलं. पातळ फळ्या नीट वाळवायच्या, दुधातल्या केसीनपासून केलेल्या सरसाने एकावर एक चिकटवायच्या आणि ओल्या असतानाच हव्या त्या वळणात दाबून धरायच्या. सुकलं की एकसंध वाकडी तुळई तयार. यात दोन फायदे होते. जाड ओंडका आतपर्यंत वाळायला वर्षं लागतात आणि वाळताना तो तडकतो. पातळ फळी लवकर वाळते. दुसरं म्हणजे एखाद्या फळीत गाठ असली तरी ती तेवढ्याच थरापुरती, वरच्या-खालच्या फळ्या तिला सांभाळून घेतात. १९१० च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात हेत्झरच्या पद्धतीने ४३ मीटरचं छप्पर उभं राहिलं. आज याला ग्लूलॅम म्हणतात.

आता ही गोष्ट आपल्या अंगणात येते. हेत्झरचं तंत्र माहीत असलेला माक्स हानिश १९२३ साली जर्मनीहून अमेरिकेत आला आणि पुढे विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगो या छोट्या गावात स्थिरावला. तिथल्या बोटी बांधणाऱ्या थॉम्पसन बंधूंशी त्याची हातमिळवणी झाली. बोट बांधणाऱ्याला लाकूड वाकवणं आणि चिकटवणं नवीन नाही! १९३४ साली त्यांनी पेश्टिगोच्या शाळेची व्यायामशाळा चिकटवलेल्या लाकडी कमानींवर बांधली. अमेरिकेतल्या अशा अगदी पहिल्या इमारतींपैकी ही एक.

पेश्टिगो हे नाव ओळखीचं वाटलं का? या उन्हाळ्यात मी मुद्दाम बायको-मुलीला घेऊन तिथे गेलो. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री, म्हणजे ज्या रात्री शिकागो जळत होतं त्याच रात्री, हे गाव वणव्यात नष्ट झालं. शिकागोच्या आगीची बातमी जगभर झाली. पेश्टिगो आणि आसपासच्या भागात बाराशे ते अडीच हजार माणसं गेली, आणि ते नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? गाव लाकडाच्या धंद्यावर जगणारं. लाकडी घरं, लाकडी पदपथ, रस्त्यांवर भुसा. तिथे एक छोटं संग्रहालय आहे आणि शेजारी स्मशानभूमी. ज्यांची ओळखही पटली नाही अशा साडेतीनशेच्या आसपास माणसांना तिथे एकत्र पुरलेलं आहे. माझी सात वर्षांची मुलगी बराच वेळ त्या फलकापाशी उभी राहिली आणि मग म्हणाली, "मग त्यांनी पुन्हा लाकडाचीच घरं का बांधली?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मला पुण्याचा शनिवारवाडा आठवला. १८२८ च्या आगीत वरचे सगळे लाकडी मजले गेले, दगडी जोती आणि तटबंदी राहिली. आपण ते जोतं बघत लहानाचे मोठे झालो. पेश्टिगोच्या लोकांनी मात्र जिने आपल्याला जाळलं ती वस्तू टाकून दिली नाही. भोवती जंगल होतं, हाताला तेच काम येत होतं. ६३ वर्षांनी त्याच गावात त्याच वस्तूपासून नवं काही घडलं, आणि तेसुद्धा शाळेच्या पोरांच्या डोक्यावर.

आणि इथेच मला सगळ्यात आवडलेला भाग येतो. राज्याच्या अधिकाऱ्यांचा या डिंकावर विश्वास नव्हता. नुसत्या सरसाच्या भरवशावर शाळेचं छप्पर? त्यांनी मंजुरी देताना अट घातली की कमानींना लोखंडी पट्ट्या आणि बोल्टही लावा. हानिशच्या माणसांना ते अर्थातच निरुपयोगी वाटलं असणार. पण त्या संशयातून एक चांगली गोष्ट झाली. मॅडिसनला १९१० पासून सरकारची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे. तिने आपल्याच आवारात अशा कमानींची एक इमारत बांधून घेतली आणि छपरावर वाळूची पोती रचून कमानी किती वाकतात ते मोजलं. कमानींनी भार निमूटपणे पेलला. या प्रयोगांचे निष्कर्ष १९३९ साली सरकारी पुस्तिकेत छापले गेले, आणि मग देशभरच्या इंजिनियरांना आकडे मिळाले. प्रयोगासाठी बांधलेली ती इमारत पुढे सुमारे पंचाहत्तर वर्षं वापरात होती. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग टीमने अडवून धरलं म्हणून प्रॉडक्ट सुधारलं. मी मनातल्या मनात त्या बोल्टांचं नाव 'अविश्वासाचे बोल्ट' असं ठेवलं आहे.

केसीनच्या सरसाला पाणी सोसत नसे. दुसऱ्या महायुद्धात रेसॉर्सिनॉलसारखे जलरोधक सरस आले आणि ती अडचण सुटली. त्याच सुमारास दुसराही एक सांधा चालता झाला. दोन लाकडांच्या समोरासमोरच्या पृष्ठांवर गोल खाच पाडून त्यात लोखंडी कडी बसवायची आणि मधून बोल्ट आवळायचा. भार एका भोकावर न पडता सगळ्या कडीभर पसरतो. युद्धात पोलाद जहाजांना आणि रणगाड्यांना हवं होतं, म्हणून अमेरिकी नौदलाने आपल्या हवाई फुग्यांसाठी सतरा अवाढव्य लाकडी हँगर बांधले. ओरेगॉनमधल्या टिलामुकचा त्यातला एक अजून उभा आहे, लांबी १,०७२ फूट, रुंदी २९६ फूट. त्याचा जुळा भाऊ १९९२ साली आत साठवलेल्या गवताच्या गंज्यांसकट जळून गेला. लाकडाची ताकद आणि लाकडाचा स्वभाव, दोन्ही एकाच आवारात!

युद्ध संपलं, सैनिक घरी परतले, घरांची प्रचंड मागणी आली. फ्लोरिडात कॅरल सॅनफर्ड यांनी १९५२ साली एक पत्र्याचा तुकडा शोधून काढला, ज्याला ठोकून काढलेले दाते होते. सांध्यावर तो दाबून बसवायचा आणि वरून काही खिळे मारायचे. १९५५ साली कॅल्विन ज्युराइट यांनी वेगळ्या खिळ्यांची गरजच उरू नये असा दात्यांचा पत्रा केला. खाच नको, भोक नको, सुतार नको. कारखान्यात टेबलावर फळ्या मांडायच्या, दोन्ही बाजूंनी पत्रे ठेवायचे आणि यंत्राने दाबायचे. आज अमेरिकेत आपण ज्या घरांत राहतो त्यांतल्या असंख्य घरांच्या छपरांत हेच आहे. विश्वास नसेल तर बॅटरी घेऊन माळ्यावर डोकावा, चकाकणारे पत्रे दिसतील.

इतकं वाचून मी काकांना म्हटलं, "मग झालं तर! पत्र्याच्या कैच्या घेऊ, स्वस्तात काम." काका म्हणाले, "चांगल्या चांगल्या गोष्टी वाचल्यास. आता पडलेली छपरं वाच."

वाचली. १८ जानेवारी १९७८, हार्टफर्ड, कनेटिकट. बास्केटबॉलच्या मैदानाचं छप्पर भल्या पहाटे बर्फाच्या भाराने कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे पाच हजारांच्या आसपास प्रेक्षक बसून गेले होते. दैव बलवत्तर, कोणी दगावलं नाही. हे छप्पर लाकडाचं नव्हतं बरं का, पोलादाचं होतं, आणि त्याचं गणित त्या काळी मोठ्या अभिमानाने कंप्युटरवर केलेलं होतं. कंप्युटरने वरच्या दांड्यांना बाजूने जसा आधार आहे असं धरलं होतं, तसा तो प्रत्यक्षात नव्हता. बांधतानाच छप्पर अपेक्षेपेक्षा जास्त झोळलेलं दिसलं होतं, तरी गणितावर विश्वास ठेवून पुढे गेले. हे वाचताना मला माझा तो सगळा हिरवा स्क्रीन आठवला आणि कानशिलं गरम झाली.

२ ऑगस्ट १९७८, ब्रुकलिन. एका सुपरमार्केटच्या आगीत लाकडी कमानदार कैच्यांचं छप्पर खचलं, सहा अग्निशामक जवान गेले. १ जुलै १९८८, हॅकेन्सॅक, न्यू जर्सी. तसंच छप्पर, पाच जवान. त्यानंतर न्यू जर्सीत कैचीचं छप्पर असलेल्या इमारतींवर दर्शनी भागी त्रिकोणी खूण लावण्याचा नियम आला, म्हणजे आत शिरणाऱ्याला आधीच कळावं. दात्यांच्या पत्र्यांचं आगीत आणखी एक होतं. दाते लाकडात जेमतेम एखादा सेंटिमीटर शिरलेले असतात. तेवढं लाकूड कोळसलं की पत्रा सुटतो. जाडजूड ग्लूलॅम मात्र तासाला साधारण दीड इंच या वेगाने बाहेरून कोळसत जातं आणि आतलं लाकूड भार धरून राहतं. बाहेर पळायला वेळ मिळतो.

आणि २ जानेवारी २००६, बाड राइखेनहाल, जर्मनी. बर्फावरच्या स्केटिंगचा हॉल. नाताळची सुट्टी, दुपारची वेळ, आत मुलं खेळत होती. छप्पर कोसळलं, पंधरा जण गेले, त्यातली बहुतेक मुलंच. चौकशीत निघालं ते असं की पोकळ लाकडी तुळयांना वापरलेला सरस दमट हवेसाठी योग्यच नव्हता. तीसेक वर्षं ओल शोषून तो हळूहळू सैल होत गेला. आणि मूळ गणित दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तपासलेलं नव्हतं.

त्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "किल्लारीला मी होतो." ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर त्यांची तिकडे पुनर्वसनाच्या कामावर नेमणूक झाली होती. जाड दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जड थर. "तिथेही लाकूड चांगलं होतं रे. पण भिंतीला छप्पर बांधलेलं नव्हतं, दगडाला दगड बांधलेला नव्हता. आणि कुणी कधी विचारलंच नव्हतं." एवढंच बोलले. त्या दिवशी पुढे कुणी भावाची घासाघीस केली नाही.

असो. आता आपल्या हॉलविषयी. आपल्याकडे बर्फाचा भार चौरस फुटाला ३० पौंड धरला तरी साठ बाय शंभरच्या छपरावर १,८०,००० पौंड होतात. म्हणजे सोळा-सतरा हत्ती आपल्या डोक्यावर, आणि खाली आपण पुरणपोळी खातोय! समितीपुढे तीन पर्याय होते: दात्यांच्या पत्र्यांच्या कैच्या दर दोन फुटांवर एक, ग्लूलॅमच्या मोठ्या कैच्या पंधरा-सोळा फुटांवर एक, किंवा पोलाद. तिन्हींनी साठ फूट गाठता येतं. पोलादही उत्तम, पण आगीपासून त्याला झाकावं लागतं आणि आम्हाला लाकडाची ऊब हवी होती.

पत्र्यांच्या कैच्या सगळ्यात स्वस्त. पण साठ फुटांची कैची ही पापडासारखी असते, उभी असेपर्यंत मजबूत, आडवी पडली तर गेली. म्हणून अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत ६० फूट किंवा त्याहून लांब कैच्यांसाठी, उभारतानाचे आणि कायमचे असे बाजूचे आधार नोंदणीकृत इंजिनियरने आखलेच पाहिजेत, अशी अट आहे. बैठकीत एका सदस्याने लगेच सुचवलं, "मग हॉल एकोणसाठ फुटांचा करू!" काका म्हणाले, "नियम एका फुटाने चुकेल, पण बर्फाला तो एक फूट कळणार नाही."

शेवटी समितीने ठरवलं ते असं. स्वयंपाकघर, कपडे बदलायच्या खोल्या आणि मराठी शाळेचे वर्ग यांची बाजू तीस फुटांची आहे, तिथे पत्र्यांच्या कैच्या. तिथे त्या शोभतात आणि परवडतात. मुख्य हॉलवर ग्लूलॅमच्या कैच्या, उघड्या, खालून दिसणाऱ्या. महाग आहेत, पण सांधे मोजके आहेत आणि प्रत्येक सांधा डोळ्यांना दिसतो. कुठे ओल आली, कुठे बोल्ट सैल झाला, तर शिडी लावून बघता येईल. वरती स्प्रिंकलर दोन्ही बाजूंना.

आणि बजेटमध्ये एक ओळ आहे: 'स्वतंत्र इंजिनियरकडून गणिताची व उभारणीची तपासणी, त्यानंतर दर पाच वर्षांनी सांध्यांची पाहणी.' ही ओळ काहींना खटकली आहे. "एकाला पैसे द्यायचे गणित करायचे आणि दुसऱ्याला ते बरोबर आहे म्हणायचे? एकाच कामाचे दोनदा पैसे?" असे फोन मला आले आहेत. रागावत नाही, मीही सुरुवातीला हेच म्हणालो असतो. पण आता मला वाटतं, की आपण त्या छपरासाठी जे काही विकत घेणार आहोत त्यातली ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे. लाकूड कुठलंही चालेल, पेश्टिगोच्या त्या बोल्टांसारखा कुणीतरी संशयी माणूस मात्र हवा. खर्च कमी करायचाच असेल तर रंगमंचाचा मखमली पडदा साधा घेऊ, पार्किंगचे दिवे पुढच्या वर्षी लावू. ती एक ओळ तेवढी कापू नका.

मुलीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी परतीच्या वाटेवर गाडीत द्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, "लाकडाची चूक नव्हती गं, नीट जोडायला आणि नीट सांभाळायला शिकायचं होतं." ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग आपल्या हॉलचं कोण बघणार?"

मंडळी, जानेवारीच्या सभेला नक्की या. आणि सगळं जमलं तर एखाद्या दिवाळीत आपला स्वतःचा आकाशकंदील मधल्या कैचीला टांगू. तो टांगायला शिडीवर चढाल तेव्हा शेजारच्या सांध्यावरही एक नजर टाका.

शुभ दीपावली!